हीर वाकतो तेव्हा

घरातल्या खराट्यातून एक लांब, सरळ हीर उपसून घ्या. जाड पुठ्ठ्यावर चार-चार बोटांच्या अंतराने पाच टाचण्या रोवा. एका ओळीत नको, एखादी थोडी वर, एखादी थोडी खाली. आता हीर एका टाचणीच्या वरून, पुढच्या टाचणीच्या खालून असा अलगद गुंफा आणि हात काढून घ्या.

हीर क्षणभर थरथरतो, किंचित सरकतो आणि आपली जागा धरून थांबतो. त्याच्या कडेने पेन्सिल फिरवा. मग दुसऱ्या कागदावर त्याच ठिपक्यांमधून नुसत्या हाताने रेघ काढून बघा. हाताची रेघ कुठे पोट काढते, कुठे चपटी पडते, कुठे मोडल्यासारखी वळते. हिराची रेघ मात्र एका दमात घेतलेल्या तानेसारखी या टोकापासून त्या टोकापर्यंत जाते.

अशी रेघ जहाजाला लागते. युरोपातल्या गोद्यांमध्ये कित्येक पिढ्या आरेखकांनी जहाजाच्या अंगाचं वळण अशाच लवचीक लाकडी पट्टीने काढलं. आणि आज संगणकाच्या पडद्यावर होडीचा तळ, मोटारीचा पत्रा किंवा विमानाचा पंख आखताना जी वक्ररेषा वापरतात, ती त्याच पट्टीची गणितात जन्मलेली लेक आहे. तिचं नावसुद्धा आईचंच आहे. होडी सुताराच्या नजरेने बांधावी की संगणकाने आखावी, असा प्रश्न निघाला की मला आधी हा हीर आठवतो. हे दोन पक्ष एकमेकांचे इतके जवळचे नातेवाईक आहेत हे पहिल्यांदा कळलं, तेव्हा मी कितीतरी वेळ त्या पुठ्ठ्याकडे बघत बसलो होतो.

पाण्याला खोट कळते

वळणाचं एवढं कौतुक का? एक कारण पाण्याचं आहे. होडी चालते तेव्हा पाणी तिच्या अंगावरून मागे सरकत असतं. अंग सलग असेल तर पाणी शांतपणे बाजूला होतं आणि मागे पुन्हा मिळतं. मध्येच उंचवटा किंवा खळगा आला की तिथे पाणी घोळतं, भोवरे उठतात आणि शिडाने किंवा इंजिनाने लावलेला जोर त्या भोवऱ्यांत वाया जातो.

दुसरं कारण लाकडाचं आहे. होडीच्या अंगावर बसणारी फळी म्हणजे एक मोठा हीरच. तिला सलग वळण मानवतं. आतल्या एखाद्या फासळीने बोटभर डोकं वर काढलं, तर फळी त्या एका जागी टेकते आणि शेजारच्या दोन फासळ्यांपाशी फट राहते. समुद्रात फट म्हणजे पाणी.

म्हणून होडी बांधणारा कसबी सुतार काम करता करता मध्येच खाली वाकतो, एक डोळा मिटतो, गाल जवळजवळ लाकडाला टेकवतो आणि कडेच्या रेषेवरून लांबवर नजर टाकतो. यात एक साधी युक्ती आहे. तिरकं पाहिलं की लांबी आक्रसते, पण वळणाची खोली तेवढीच राहते. त्यामुळे समोरून लक्षातही न येणारी खोट डोंगरासारखी उठून दिसते. तुमच्या पुठ्ठ्यावरच्या दोन्ही रेघा अशाच डोळा खाली नेऊन, कडेकडेने बघा. हाताच्या रेघेतले सगळे गचके एकदम दिसतील.

माळ्यावरचं जहाज

ज्या गोद्यांमध्ये जहाजं कागदावर आखून मग बांधत, तिथे एक अडचण होती. कागदावरचं जहाज लहान असतं. वीस मीटरची होडी एक मीटर लांबीच्या चित्रात बसवली, तर सगळी मापं एक-विसांश होतात. पेन्सिलीची अर्ध्या मिलिमीटरची जाडी प्रत्यक्ष लाकडावर एक सेंटिमीटर होते. एवढ्या फरकाने फळी बसत नाही.

यावर काढलेला उपाय पाहिला की त्या लोकांच्या चिकाटीपुढे मान लवते. गोदीच्या इमारतीत सगळ्यात वर एक मोठा मोकळा माळा असे. त्याची लाकडी जमीन घासून, रंगवून तयार ठेवलेली असे. त्या जमिनीवर ते जहाज पुन्हा एकदा काढत आणि या वेळी खऱ्या मापात! कागदावरून मोजून घेतलेल्या आकड्यांचा तक्ता हातात घेऊन माणसं गुडघ्यांवर रांगत ठिपके मांडायची, ठिपक्यांपाशी खिळे ठोकायची आणि खिळ्यांना टेकवून लांबच लांब लवचीक पट्टी वाकवायची. पट्टी एखाद्या खिळ्यापाशी नाखुशीने वाकते आहे असं दिसलं, की तो ठिपका चुकला असं समजायचं. खिळा काढायचा, पट्टीला तिच्या कलाने जाऊ द्यायचं आणि तिने दाखवलेली जागा खरी मानायची.

काम इथे संपत नसे. जहाज तीन बाजूंनी काढावं लागे: बाजूने दिसतं तसं, वरून दिसतं तसं आणि समोरून दिसतं तसं. अंगावरचा कोणताही बिंदू घ्या, त्याची मापं तिन्ही चित्रांत एकमेकांशी तंतोतंत जुळली पाहिजेत. एका चित्रातली रेघ दोन बोटं सरकवली की बाकीच्या दोन चित्रांत त्याचे पडसाद उठायचे. तिन्ही चित्रं एकमेकांशी पटेपर्यंत हे चाले. मग त्या रेघांवरून पातळ फळ्यांचे साचे कापायचे आणि साच्यांवरून जहाजाच्या फासळ्या.

आरेखकाच्या टेबलावर हेच काम लहान प्रमाणात चाले. तिथे पट्टी जागेवर धरायला शिशाची जड वजनं असत. त्यांना पुढे चोचीसारखा आकडा असे, म्हणून त्यांना बदकं म्हणत. पट्टीभोवती दाटीने बसलेली ही बदकं जुन्या छायाचित्रांत आजही पाहायला मिळतात. त्या पट्टीचं नाव होतं स्प्लाइन आणि त्या माळ्याचं नाव होतं लॉफ्ट. ही दोन्ही नावं लक्षात ठेवा.

हिराचं गणित

हीर नेमकं तेच वळण का घेतो? दोन टाचण्यांमधून जाणाऱ्या रेघा अगणित असू शकतात. त्यांतली एक तो निवडतो, आणि कितीदाही करून पाहा, तीच निवडतो.

पट्टी वाकवली की तिच्यात ऊर्जा साठते. धनुष्य ताणल्यावर साठते तशीच. एके ठिकाणी जास्त वाकवलं तर तिथे ऊर्जा फार वाढते. म्हणून पट्टी वाकण्याचा भार अंगभर वाटून घेते आणि दिलेल्या टाचण्यांमधून जाताना एकूण ऊर्जा कमीत कमी राहील, असा आकार धरते. लवचीक पट्टीचा आकार या तत्त्वाने शोधता येईल, हे डॅनियल बर्नुलीने लिओनार्ड ऑयलरला पत्रातून सुचवलं आणि ऑयलरने १७४४ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथाच्या परिशिष्टात त्या वक्ररेषांचं गणित मांडलं. सुताराच्या हाताला कधीपासून ठाऊक असलेली गोष्ट कागदावर उतरली ती अशी.

पट्टी थोडीच वाकलेली असेल तर हिशेब आणखी सोपा होतो. एका टाचणीपासून पुढच्या टाचणीपर्यंतचा तिचा तुकडा शाळेत शिकलेल्या घन बहुपदीने लिहिता येतो. प्रत्येक टाचणीपाशी दोन तुकडे असे जुळवायचे, की दिशाही एक राहील आणि वाकही एक राहील. १९४६ साली आयझॅक शोनबर्ग या गणितज्ञाने तुकड्या-तुकड्यांनी जोडलेल्या अशा वक्ररेषांना नाव दिलं ते आरेखकांच्या पट्टीवरून: स्प्लाइन.

पुढच्या वीस वर्षांत ही कल्पना कारखान्यांत शिरली. फ्रान्समध्ये सिट्रोएन कंपनीत पॉल द कास्तेलजो आणि रेनॉ कंपनीत पिएर बेझिए, दोघेही मोटारींच्या पत्र्याचं वळण संगणकाला कसं सांगायचं या प्रश्नाशी झटत होते. त्यांनी काढलेल्या रेषांना चार-सहा बिंदूंनी हवं तिकडे ओढता येतं. या बहिणी-बहिणींसारख्या रेषांच्या कुळातूनच आजचं कॅड, म्हणजे संगणकावरचं आरेखन उभं राहिलं. आणि त्यांचा वावर तेवढ्यापुरता राहिलेला नाही. तुम्ही आत्ता वाचत असलेल्या 'क'ची गाठ आणि 'ळ'ची गोलाई संगणकात साठवलेली आहे ती अशाच वक्ररेषांनी.

आता दुसरं नाव. कॅडच्या कितीतरी सॉफ्टवेअरमध्ये एक आज्ञा असते. होडीचे चार-पाच आडवे छेद द्यायचे आणि ती आज्ञा दिली की संगणक त्या छेदांवरून एक सलग कातडी ताणून देतो. त्या आज्ञेचं नाव आहे लॉफ्ट. गोदीतला माळा रिकामा झाला, त्याच्यावर रांगणारी माणसं गेली, पण त्यांच्या जागेचं नाव यंत्राच्या पडद्यावर राहिलं.

आकड्यांना काय दिसतं

सुताराच्या नजरेला रेघेतली खोट दिसते. संगणकालाही ती दाखवता येते. वक्ररेषेवर जागोजागी तो बारीक दाते उभे करतो. जिथे वळण तीव्र तिथे दात लांब, जिथे सौम्य तिथे आखूड. दात्यांची टोकं जोडली की एक कंगवा दिसतो. कंगव्याची धार सलग असेल तर रेघ निर्दोष, आणि मध्येच खड्डा पडला तर तिथे खोट. एक डोळा मिटून पाहणाऱ्या सुताराची नजरच जणू यात उतरली आहे.

पण संगणक आणखी एक गोष्ट करतो, जी नजरेला जमत नाही. तो होडीचे पातळ छेद पाडतो, प्रत्येकाचं क्षेत्रफळ मोजतो, त्यांची बेरीज करतो आणि होडी पाण्यात किती बुडेल, पाण्याचा उचलणारा जोर कुठे लागेल, ती कलली तर परत उभी राहील की नाही, हे झाडाला कुऱ्हाड लागण्याआधी सांगतो. हा हिशेब पूर्वी हाताने करत आणि त्याला दिवसच्या दिवस लागत.

हा हिशेब नसला की काय होतं, याचं एक दुःखद उदाहरण स्टॉकहोममध्ये आजही पाहता येतं. १० ऑगस्ट १६२८ रोजी स्वीडनच्या राजाचं 'वासा' हे भव्य लढाऊ जहाज पहिल्या सफरीला निघालं. ६४ तोफा, दोन मजली तोफखाना, अंगभर कोरीव काम. साधारण १३०० मीटर गेलं असेल, तोच वाऱ्याच्या झुळकीने ते कललं, तोफांच्या उघड्या खिडक्यांतून पाणी आत घुसलं आणि बंदरात लोकांच्या डोळ्यांदेखत ते बुडालं. त्याआधी धक्क्यावर एक चाचणी झाली होती. तीस माणसांना डेकवर या कडेपासून त्या कडेपर्यंत पळवलं होतं. जहाज इतकं झुलायला लागलं की चाचणी मध्येच थांबवावी लागली.

१९६१ साली ते जहाज समुद्रातून वर काढलं. त्यात कारागिरांच्या चार मोजपट्ट्या सापडल्या. दोन स्वीडिश फुटाच्या, १२ इंचांच्या. दोन ॲमस्टरडॅम फुटाच्या, ११ इंचांच्या. जहाजाच्या दोन बाजू नेमक्या सारख्या नाहीत, हेही मोजणीत दिसलं.

'वासा' बांधणारे अनाडी नव्हते, उत्तम कारागीर होते. त्या काळी जहाजं ठरलेल्या प्रमाणांवरून बांधत: कणा एवढा, तर रुंदी एवढी. पिढ्यान्‌पिढ्या समुद्राने तपासून दिलेली ती प्रमाणं ओळखीच्या आकारासाठी भरवशाची होती. पण तोफांचा हा असा दुसरा मजला त्यांच्या अनुभवाबाहेरचा होता. परंपरेचा परीक्षक समुद्र असतो आणि त्याला निकाल द्यायला पिढ्या लागतात. एकदम नवं काही करायचं, तर निकाल आधी कळायला हवा. कललेलं जहाज परत उभं राहील का, हे आकड्यांत सांगणारी रीत पिएर बुगेरने १७४६च्या ग्रंथात दिली. पृथ्वीचा आकार मोजायला गेलेल्या फ्रेंच मोहिमेबरोबर तो कित्येक वर्षं दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतात राहिला होता आणि जहाजांवरचं ते पुस्तक त्याने लिहिलं ते त्या डोंगरांत. 'वासा' बुडून तेव्हा शंभरहून अधिक वर्षं उलटली होती.

आराखड्याशिवाय

आपल्या किनाऱ्यावर गोष्ट वेगळ्या वाटेने गेली. केरळात बेपूरला, चालियार नदीच्या मुखाशी, उरू नावाची प्रचंड लाकडी जहाजं बांधतात. तिथल्या मुख्य मेस्त्रीच्या हातात नकाशा नसतो. पठाण, म्हणजे तळाचा कणा, आधी घालतात. पुढची नाळ आणि मागचा खांब उभा करतात. मग एकेक फळी वाकवून, शेजारच्या फळीला भिडवून वर चढवत नेतात. फासळ्या नंतर, तयार झालेल्या अंगाच्या आतून बसवतात.

हा क्रम नीट मनात आणा, कारण तो युरोपातल्या माळ्याच्या अगदी उलटा आहे. माळ्यावर आधी रेघ, रेघेवरून फासळी आणि फासळीवर फळी. इथे आधी फळी, आणि ती वाकेल तो आकार. फळी इथे एकाच वेळी रेघही असते आणि वस्तूही. हिराची रेघ कागदावर उतरवायची गरजच पडत नाही, कारण हीरच जहाज होतो.

मुंबईने दोन्ही वाटा एकत्र आणल्या. १७३६ साली सुरतेहून आलेल्या लवजी नसरवानजी वाडिया यांच्या घराण्याने मुंबईच्या गोदीत पिढ्यान्‌पिढ्या जहाजं बांधली. ब्रिटिश नौदलाची 'त्रिंकोमाली' ही फ्रिगेट त्यांतलीच. तिचे नकाशे इंग्लंडहून पाठवले होते. पण ज्या 'जावा' जहाजावर ते होते, ते १८१२ साली ब्राझीलजवळ अमेरिकी युद्धनौकेशी झालेल्या लढाईत गेलं. नकाशे पुन्हा पाठवावे लागले. कण्यात पारशी रिवाजाप्रमाणे चांदीचा खिळा ठोकून मलबारच्या सागवानाचं हे जहाज उभं राहिलं आणि १२ ऑक्टोबर १८१७ रोजी पाण्यात उतरलं. ते आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूलला तरंगतं आहे. नकाशा परदेशी, लाकूड मलबारी, हात मुंबईचे. आणि दोनशे वर्षांनंतरही त्या सांध्यांनी हार मानलेली नाही.

अजिंठ्याहून दिवाडीला

या दोन वाटांची सगळ्यात थक्क करणारी भेट मात्र आपल्या डोळ्यांसमोर, गेल्या दोन-तीन वर्षांत झाली.

अजिंठ्याच्या दुसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात एका जहाजाचं चित्र आहे. तीन डोलकाठ्या, उंच शिडं, मागे सुकाणूचं काम करणारी वल्ही, डेकवर ओळीने ठेवलेले रांजण. पाचव्या शतकातलं असं जहाज पुन्हा बांधायचं ठरलं. जुलै २०२३मध्ये सांस्कृतिक मंत्रालय, भारतीय नौदल आणि गोव्यातली होडी इनोव्हेशन्स ही कंपनी यांच्यात करार झाला. कल्पना अर्थतज्ज्ञ आणि लेखक संजीव सन्याल यांची. गोदी मांडवी नदीतल्या दिवाडी बेटावरची, रत्नाकर दांडेकर यांची. नौदलाची 'म्हादेई' ही शिडाची नौका दांडेकरांनी दिवाडीलाच बांधली होती, डच आरेखकांच्या नकाशावरून, लाकडाच्या पट्ट्या आणि फायबरग्लास वापरून. त्याच 'म्हादेई'तून दिलीप दोंदे यांनी २००९-१० साली एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. आता त्याच दांडेकरांना खिळ्याशिवाय जहाज बांधायचं होतं.

कारण जुन्या हिंदी महासागरातली जहाजं शिवत असत. फळीला फळी भिडवायची, दोन्हींच्या कडांना ओळीने भोकं पाडायची. सांध्यावर नारळाच्या तंतूंची जाड वळी ठेवायची. मग भोकांतून काथ्याची दोरी आरपार ओवायची आणि दोघांनी दोन बाजूंनी ओढून आवळायची, इतकी की वळी सांध्यात घट्ट दबून बसेल. पुढचा टाका, मग त्याच्या पुढचा. शेवटी भोकं तंतूंनी बुजवायची आणि वर राळेचा थर. या पद्धतीला टंकाई म्हणतात. मराठी कानाला त्या शब्दात 'टाका' ऐकू आल्याशिवाय राहत नाही.

समुद्रात चुंबकाचे खडक असतात आणि ते लोखंडी खिळे ओढून घेतात, म्हणून जहाजात लोखंड वापरू नये, असं भोजाच्या नावावर असलेल्या 'युक्तिकल्पतरु'त सांगितलं आहे. चौदाव्या शतकातल्या इब्न बतूताने दिलेलं कारण जास्त पटण्यासारखं आहे: खडकावर आपटलं तर खिळ्यांचं जहाज फुटतं, शिवलेलं लवतं. मद्रासच्या किनाऱ्यावर मोठाल्या लाटा फोडत जाणाऱ्या मसुला होड्याही अशाच शिवलेल्या असत.

पण या जहाजाचा नकाशा कुठेच नव्हता. होतं ते भिंतीवरचं एक चित्र, आणि चित्रकाराने काही मापं लिहून ठेवलेली नव्हती. शिवण्याची कला केरळातल्या कारागिरांच्या हातात शिल्लक होती. मुख्य कारागीर बाबू शंकरन आणि त्यांच्या साथीदारांनी हजारो टाके घातले. मात्र चौकोनी शिडांचं, वल्ह्यांनी वळवायचं, एवढं मोठं शिवलेलं जहाज समुद्रात कसं वागेल, हे सांगणारं कोणी हयात नव्हतं. 'वासा'ची अडचण इथे पुन्हा उभी होती: अनुभवाची साखळी जिथे तुटली, तिथून पुढे भरवसा कशाचा?

तिथे आकडे मदतीला आले. आयआयटी मद्रासच्या सागरी अभियांत्रिकी विभागात जहाजाच्या प्रतिकृतीच्या चाचण्या झाल्या. अशा चाचणीचं तत्त्व विल्यम फ्रूडने शोधलं. १८७२ साली त्याने इंग्लंडमध्ये टॉर्की इथे लांब टाकी बांधून मेणाच्या प्रतिकृती पाण्यातून ओढून पाहिल्या. प्रतिकृती एक-सोळांश असेल, तर तिचा वेग मात्र एक-चतुर्थांश ठेवायचा, म्हणजे सोळाचं वर्गमूळ चार. मग तिच्याभोवती उठणाऱ्या लाटांचा आकार हुबेहूब मोठ्या जहाजाच्या लाटांसारखा येतो. छोट्याशा टाकीत समुद्राचा निकाल आधी ऐकू येतो! नौदलाने लाकडी डोलकाठ्यांच्या बळाची चाचणी वेगळी घेतली. पोलादाच्या बळाचे आकडे पुस्तकात तयार मिळतात. काथ्याच्या टाक्याचे मिळत नाहीत.

१२ सप्टेंबर २०२३ला कणा घातला. फेब्रुवारी २०२५मध्ये जहाज पाण्यात उतरलं, सुमारे वीस मीटर लांब आणि साडेसहा मीटर रुंद. २१ मे २०२५ला कारवारला त्याचं नाव ठेवलं 'कौंडिण्य', आग्नेय आशियात गेलेल्या दंतकथेतल्या भारतीय दर्यावर्दीवरून. आणि २९ डिसेंबर २०२५ला पोरबंदरहून निघून हे शिवलेलं जहाज शिडांवर चालत जानेवारीच्या मध्यात मस्कतला पोचलं. प्रतिकृतीवरचे आकडे आणि काथ्याचे टाके, दोघेही त्या समुद्रात खरे ठरले.

टाका पुन्हा येतो

टाक्याची गोष्ट एवढ्यावर थांबत नाही. १९६३ साली ब्रिटनमध्ये 'मिरर' नावाची छोटी शिडाची होडी आली. जॅक होल्ट आणि बॅरी बकनेल यांनी ती सामान्य माणसाला घरी बांधता यावी म्हणून रचली होती. प्लायवूडचे कापलेले तुकडे घ्यायचे, कडांना भोकं पाडायची, तांब्याच्या तारेने ते एकमेकांना शिवायचे आणि आतून सांध्यांवर काचतंतूंची पट्टी राळेने चिकटवायची. अशा ७०,०००हून जास्त होड्या झाल्या.

आज ही रीत संगणकाच्या हातात हात घालून चालते. प्लायवूड एकाच दिशेने वाकतं. कागदाची सुरळी होते, पण कागदाचा चेंडू होत नाही. पानाचा द्रोण करतानाही पान मुडपावं लागतं, काडी टोचावी लागते. प्लायवूड मुडपता येत नाही. म्हणून संगणक होडीचं अंग असं आखतो की ते उलगडून सपाट होईल, आणि प्रत्येक तुकड्याचा नेमका आकार काढतो. यंत्र ते तुकडे भोकांसकट कापून देतं. ते कोणाच्या तरी अंगणात पोचतात. आणि तिथे एक माणूस गुडघ्यांवर बसून, भोकातून तार ओवून, दोन कडा एकमेकींकडे ओढतो. तार आवळली जाते तसे सपाट पडलेले तुकडे उभे राहतात, वाकतात आणि होडी होतात.

आता पुन्हा त्या पुठ्ठ्याकडे या. टाचण्या काढल्या की हीर लगेच सरळ होतो. वळण त्याच्यात नव्हतंच. दोन टाचण्यांमधलं अंतर सुंदर रीतीने कसं भरायचं, एवढंच त्याला येतं. संगणकालाही येतं ते तेवढंच, फक्त विजेच्या वेगाने. टाचण्या कुठे रोवायच्या, हे कोणीतरी दुसऱ्याने ठरवावं लागतं. बेपूरचा मेस्त्री ते बापाकडून शिकतो, टॉर्कीचा फ्रूड टाकीतल्या लाटेकडून. आणि 'कौंडिण्य'च्या बाबतीत पहिल्या काही टाचण्या रोवल्या होत्या दीड हजार वर्षांपूर्वीच्या एका चित्रकाराने, डोंगराच्या पोटात, समुद्रापासून कितीतरी दूर बसून. मधली जागा भरायला काथ्या लागला, तो माडाचा. आणि तुमच्या हातातला हीर, तोही माडाचाच.